शंभर गुणांचा ताळेबंद

एकतीस डिसेंबरच्या रात्री भाईंदर पश्चिमेतली समस्त तरुणाई उत्तनच्या रस्त्याला लागते. राई, मुर्धा, मोर्वा ही गावे मागे टाकीत, मोटारसायकलींचे कर्णे फुंकीत ही वरात समुद्राच्या दिशेने जाते आणि पहाटे त्याच रस्त्याने, पण पुष्कळच कमी आवाजात परत येते. आमच्या घरी त्या रात्री खिडक्या लावून घेतात, पंखा बंद करतात आणि जेवणाच्या टेबलाशी दोन माणसे समोरासमोर बसतात. मध्ये लाल पाठीचे एक जाडजूड लेजर, दोन पेने, एक पट्टी आणि चिवड्याची बशी. शेजारच्या शेठजींनी एकदा दारातून हे दृश्य पाहिले आणि दुसऱ्या दिवशी मला जिन्यात गाठून हळूच विचारले, "वाटणी चालली होती काय? काही अडचण असेल तर सांगा, आपला वकील ओळखीचा आहे."

वाटणीच असते. पण ती गाण्यांची. सरत्या वर्षात आम्ही विकत घेतलेल्या अल्बमांपैकी पहिला कोण, दुसरा कोण, दहावा कोण आणि कोणाला यादीत पाऊल ठेवू द्यायचे नाही, याचा निकाल त्या रात्री लागतो. वाटणी करणारे दोघे म्हणजे मी आणि माझे वडील, अण्णा. वडिलांचे वय अठ्ठ्याहत्तर, माझे शेहेचाळीस, आणि या उद्योगासाठी दोघांचेही वय उलटून गेले आहे असे आईचे मत.

मी बँकेत कारकून आहे. बी. कॉम. झालेल्या माणसाला संगीतातले काय कळते, असे तुम्ही म्हणाल. काही कळत नाही. पण बी. कॉम. झालेल्या माणसाला कशाचीही खतावणी केल्यावाचून चैन पडत नाही, हेही तितकेच खरे. कवीने चंद्र पाहिला तर तो कविता करतो. मी पाहिला तर तिथी बघून ठेवतो. माझ्या पहिल्या शाखेत एक वयस्क हेडकॅशिअर होते. ते म्हणत, "बाबा रे, जगात दोनच प्रकारची माणसं. एक टॅली होणारी आणि दुसरी रात्री दहापर्यंत बसणारी." मी दुसऱ्यांपैकी. चोवीस पैशांचा फरक शोधण्यासाठी मी एकदा शेवटची भाईंदर लोकल चुकवली आहे आणि फरक सापडल्यावर फलाटावरच्या बाकावर अत्यंत समाधानाने झोपलो आहे.

मात्र या वार्षिक ताळेबंदाचे मूळ माझ्यात नाही, अण्णांत आहे. आणि अण्णांतले मूळ थेट सिलोनपर्यंत जाते.

१९५२ साली आपल्या आकाशवाणीने सिनेमाची गाणी सोवळ्यात बसत नाहीत असे ठरवले. त्या वेळचे नभोवाणीमंत्री बाळकृष्ण केसकर. आपलेच, मराठी! एखादी गोष्ट लोकांना फार आवडू लागली की तिच्यात काहीतरी गैर असले पाहिजे, हा आपल्या मध्यमवर्गाचा सिद्धान्त त्यांनी राष्ट्रीय पातळीवर राबवला. परिणाम असा झाला की सारा हिंदुस्थान रेडिओचा काटा फिरवून सिलोनला जाऊन बसला. त्याच वर्षी ३ डिसेंबरला रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली. बुधवार, रात्री आठ. निवेदक अमीन सयानी. १९५७ साली विविध भारती काढून आकाशवाणीने चूक दुरुस्त केली. पण तोवर बुधवार हातचा गेला होता.

अण्णा तेव्हा गिरगावातल्या चाळीत. सबंध मजल्यावर रेडिओ एकच, तोही ज्यांच्याकडे होता ते गृहस्थ कीर्तनाचे शौकीन. त्यामुळे बुधवारी आठला अण्णा कोपऱ्यावरच्या इराण्याकडे एक सिंगल चहा घेऊन तासभर बसत. चहा संपू नये म्हणून तो कसा प्यावा याचे अण्णांनी त्या काळात एक शास्त्र बसवले होते. आजही त्यांचा चहा संपायला बातम्या संपाव्या लागतात. बरोबर शंभर पानी वही. आठवड्याची क्रमवारी उतरवून घ्यायची आणि समोरच्या पानावर स्वतःची लिहायची. रेकॉर्डींच्या दुकानांतली विक्री आणि गावोगावच्या श्रोता संघांची पत्रे यांवरून ती यादी ठरे. म्हणजे कारभार पूर्ण लोकशाहीचा. पण लोकशाहीत विरोधी पक्ष लागतो, आणि तो इराण्याच्या हॉटेलात बसलेला होता.

१९६४ सालच्या वार्षिक यादीत 'संगम'मधले गाणे पहिले आले. अण्णांच्या वहीत त्या वर्षी पहिल्या जागेवर 'वह कौन थी' आहे आणि शेजारी लाल शाईत शेरा आहे: "मदनमोहनवर अन्याय. लोकांना कळत नाही." अण्णा त्या वेळी सतरा वर्षांचे होते. सतराव्या वर्षी लोकांना कळत नाही हे ज्याला कळते, त्याचे पुढे काय होणार? तो पोस्टात लागतो. अण्णा सॉर्टर झाले. मग मात्र त्यांच्या निषेधाला जरा आळा बसला. १९७५ साली तर महागाईवरचे गाणे पहिले आले, तेव्हा त्यांनी वहीत नुसते "मान्य" एवढेच लिहिले; रॉकेलच्या रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाला दुसरे काय म्हणता येणार! एकदा त्यांनी सयानीसाहेबांना चार पानी पत्रही लिहिले होते, पण ते टाकले नाही. का, असे विचारले तर म्हणाले, "अरे, एकेका दिवशी पत्रांची किती पोती जातात ते मी डोळ्यांनी पाहत होतो. ज्यानं पोती पाहिली तो पत्र टाकत नाही."

गिरगावातली खोली विकून आम्ही भाईंदरला आलो तेव्हा मी शाळेत होतो. त्या काळी भाईंदर पश्चिमेला येणे म्हणजे निम्मे वनवासात जाणे. खिडकीतून मिठागरे दिसत, पांढऱ्या ढिगांच्या रांगा पाहून आई म्हणाली होती, "मीठ आहे, आता पाणी कुठं आहे ते विचारा." ते विचारणे अजून चालू आहे. पण या घरात पहिल्यांदा आमचा स्वतःचा टेपरेकॉर्डर आला, आणि १९९५ च्या डिसेंबरात, मी अकरावी कॉमर्सला जमा-नावे शिकत असताना, अण्णांनी वही माझ्यासमोर टाकली. "तू हिशेब शिकतोयस ना? मग हे नीट मांडून दे."

अशा रीतीने वहीचे लेजर झाले. पहिल्या पानावर मी झोकात खात्याचे नाव लिहिले. बँकेत लागल्यावर त्याखाली 'खाते कसे चालवणार' हा रकाना आखला आणि सवयीने 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' लिहायला गेलो. म्हणजे दोघांपैकी कोणीही, नाहीतर मागे राहील तो. अण्णांनी माझा हात धरला. म्हणाले, "मागे राहील तो कोण, हे आत्ताच कशाला ठरवायचं? दोघांच्या सह्या, असं लिही." तेव्हापासून खाते दोघांच्या सह्यांनी चालते.

नियम कडक होते. अल्बम त्या वर्षी विकत घेतलेला पाहिजे. शेजाऱ्याकडून आणलेली कॅसेट म्हणजे उसनवारी, ती ताळेबंदात येत नाही. दोन्ही बाजू संपूर्ण ऐकलेल्या पाहिजेत. कॅसेटची बी बाजू म्हणजे राइसप्लेटमधली आमटी. कोणी तिच्यासाठी हॉटेलात जात नाही, पण स्वयंपाक्याची परीक्षा तिच्यावरच होते. आणि 'निवडक', 'सर्वोत्तम', 'अविस्मरणीय' वगैरे जुन्या गाण्यांच्या मोळ्या बाद, कारण एकदा जमा झालेली रक्कम दुसऱ्यांदा जमा दाखवणे हा गुन्हा आहे. अल्बम म्हणजे एका विचाराने बांधलेली वस्तू, असा अण्णांचा आग्रह. त्यांचे आदर्श उदाहरण 'शिवकल्याण राजा': १९७४ साली, राज्याभिषेकाला तीनशे वर्षे झाली तेव्हाची, हृदयनाथांचे संगीत, लताबाईंचा आवाज आणि मधून बाबासाहेब पुरंदऱ्यांचे निवेदन. "यातलं एक गाणं इकडचं तिकडे करून दाखव," अण्णा म्हणत. मी कशाला करतोय! व्हाउचरचा क्रम बदलला की काय होते ते मला ठाऊक आहे.

कॅसेटचा जमाना मजेचा होता. वेसावकरांच्या कोळीगीतांनी आमच्या यादीत अनेक वर्षे मानाची जागा राखली, त्यात उत्तनकडून येणाऱ्या मासळीवाल्यांचाही हात होता. त्या बाजारात एवढ्या मोठ्याने वाजवीत की विकत न घेताही दोन्ही बाजू संपूर्ण ऐकून होत. मग 'गारवा' आली. सौमित्रची कविता, मिलिंद इंगळ्यांचे गाणे. आधी बोलायचे, मग गायचे. अण्णांना पहिल्यांदा ते मुळीच रुचले नाही. "गाण्याआधी एवढं बोलायला हे काय लग्न आहे?" असे म्हणून त्यांनी जूनमध्ये ती सहाव्या जागेवर ठेवली. जुलैत पाऊस लागला, खाडीपलीकडचे काही दिसेनासे झाले, गाड्या बंद पडल्या, आणि एका दुपारी अण्णा खिडकीशी उभे राहून तेच बोललेले शब्द पुटपुटताना मी पाहिले. डिसेंबरात 'गारवा' दुसरी आली. पहिली का नाही, तर "पावसाळ्यातली आवक आहे, वर्षभराची सरासरी काढावी लागेल."

पुढे गाडीत एक माणूस येऊ लागला. मीरा रोड सुटले की तो डब्यात शिरे आणि दीडशे गाण्यांची एक तबकडी काही रुपयांत विके. पाच-सहाशे ग्रॅम गाणी द्यावीत तसा तो ती देत असे. अल्बम नावाच्या संस्थेला वाळवी लागली ती तिथे. आमच्या डब्यातल्या भजनी मंडळींनीसुद्धा झांजा थांबवून ती घेतली. मी घेतली नाही. म्हणजे घेतली, पण लेजरात दाखवली नाही. बेहिशेबी म्हणा हवे तर.

खरा वाद मात्र तारखांचा. 'नटरंग' पडद्यावर आला १ जानेवारी २०१० रोजी, आणि गाणी त्याआधीच सगळ्यांच्या तोंडी. मग जमा कोणत्या वर्षी धरायची? मी म्हणालो, येणे ज्या वर्षी उत्पन्न झाले त्या वर्षी. अण्णा म्हणाले, पोस्टाच्या कामात तारीख शिक्क्याची धरतात, पत्र कधी लिहिले याची नाही. पहाटे दोनपर्यंत हा खटला चालला. मी तर शेवटी असाही प्रस्ताव मांडला की वर्षच एकतीस मार्चला बंद करावे. अण्णांनी शांतपणे विचारले, "तुमच्या बँका तरी पहिल्यापासून मार्चला बंद होतात का?" होत नव्हत्या. १९८८ पर्यंत बँकांचा हिशेब डिसेंबरअखेरच बंद होत असे. कॉमर्सच्या पदवीधराला पोस्टातल्या माणसाने गप्प करावे यासारखी नामुष्की नाही.

त्याच सुमारास कुठेसे वाचले की न्यूयॉर्कच्या 'व्हिलेज व्हॉइस' नावाच्या साप्ताहिकात संगीत समीक्षकांचा असाच वार्षिक कौल घेत. प्रत्येकाला शंभर गुण. ते दहा अल्बमांत वाटायचे. एकाला तीसहून जास्त नाही, पाचहून कमी नाही. वाचून मी खुर्चीतून उठलोच. सातासमुद्रापलीकडे आपल्यासारखीच माणसे आहेत आणि ती पगार घेऊन हे करतात! ही पद्धत आम्ही ताबडतोब उचलली. दोघांचे शंभर-शंभर, शेवटी बेरीज, आणि प्रत्येक आकड्यापुढे 'शेरा' नावाचा रकाना. माझे शेरे "समाधानकारक", "तपासले", "वरीलप्रमाणे" असे असत. अण्णांचे वाचण्यासारखे. 'जोगवा'पुढे त्यांनी लिहिले आहे, "हरिहरन आणि श्रेया घोषालला राष्ट्रीय पारितोषिक मिळालं ते ठीकच. पण बासरी ऐका!"

हे सगळे इतक्या विस्ताराने सांगितले, कारण २०२२ साली आमचे भांडण झाले.

त्या वर्षी १ एप्रिलला 'मी वसंतराव' आला. वसंतराव देशपांड्यांवरचा चित्रपट, नातवाने, राहुल देशपांड्यांनी केलेला. संगीत त्यांचे, गाणे त्यांचे. अण्णांनी वसंतरावांना 'कट्यार काळजात घुसली'त पाहिलेले. नाटक आले १९६७ च्या अखेरीस. पुढच्या वर्षी अण्णांनी ते शिवाजी मंदिरात शेवटच्या रांगेतून पाहिले, आणि परतीच्या ट्रामचे... नाही, ट्राम १९६४ सालीच बंद झाली होती; परतीच्या बसचे पैसे उरले नाहीत म्हणून दादरहून गिरगावपर्यंत चालत आले. ही हकिकत मी आजवर किमान दोनशे वेळा ऐकली आहे. (ट्राम दरवेळी येते, आणि दरवेळी मला ती बंद करावी लागते.) तेव्हा या अल्बमला अण्णा तीस गुण देणार हे मी गृहीत धरले होते. मीही तीस दिले.

अण्णांनी पाच दिले. कमीत कमी देता येतात तेवढे. शेरा: "आवाज दबलेला. सगळं लांबून ऐकू येतं." आणि तीस कोणाला? 'चंद्रमुखी'ला. शेरा: "ढोलकी छातीत वाजते."

'चंद्रमुखी'शी माझे वैर नाही. अजय-अतुल मला आवडतात. पण वसंतरावांना पाच! मी नको ते बोललो. "अण्णा, तुमचीही आवड आता गणपतीच्या मांडवातली झाली," असे म्हणालो. शिवाय त्या रात्री आणखी एक लचांड होते: अजय-अतुलचाच 'वेड' ३० डिसेंबरला लागला होता, म्हणजे एकतीसला टाकलेला आणि दोन तारखेला वटणारा चेक. त्याचा निर्णय लागण्याआधीच अण्णा पेन टोपणात घालून उठले. सही केली नाही. २७ वर्षांत पहिल्यांदा ताळेबंद एका सहीचा राहिला. २०२३ सालचा तर झालाच नाही. अण्णा म्हणाले, "हल्लीचं रेकॉर्डिंगच वाईट असतं," आणि आठ वाजता झोपले. मला वाटले, रुसवा. बाप रुसला की मुलाने काय करावे हे बी. कॉम.ला शिकवत नाहीत.

२०२४ च्या फेब्रुवारीत, २० तारखेला, अमीन सयानी गेले. अण्णांनी दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात वाचले. बराच वेळ चहा तसाच राहिला. मग म्हणाले, "माळ्यावरच्या वह्या काढ बघू." मी स्टूल घेऊन वह्या काढल्या, लेजरही काढले, आणि ते त्यांच्या खोलीत १९६४ साल उलगडून बसले असताना मी बाहेर लेजर चाळत बसलो. काही शोधत नव्हतो. पण तीस वर्षे बँकांची वहीखाती पाहिलेल्या डोळ्याला एक खोड लागते: आकडा नाही, सवय बदललेली दिसते. एखादा खातेदार दर महिन्याला पाच तारखेला पैसे भरतो आणि अचानक भरेनासा होतो, तेव्हा त्याच्या घरी काहीतरी झालेले असते.

(तीस नाही, चोवीस. पण कारकुनाची वर्षे दुप्पट मोजावीत.)

अण्णांच्या शेऱ्यांत 'बासरी' हा शब्द दरवर्षी येत होता. तो शेवटचा दिसतो २०१४ साली. 'तंबोरा' २०१५ साली, 'कट्यार'च्या चित्रपटाच्या वेळी, आणि तोही प्रश्नचिन्ह घालून: "तंबोरा बारीक ठेवलाय?" पुढच्या वर्षी 'सैराट'. त्यातले वाद्यवृंदाचे काम हॉलिवुडच्या स्टुडिओत जाऊन केलेले, शंभर ठिकाणी छापून आले होते. अण्णांच्या शेऱ्यात व्हायोलिनचे नाव नाही. "ठेका जबर." त्यानंतर सगळीकडे ढोल, ढोलकी, डग्गा, पखवाज. बारीक आवाजाचे एकेक वाद्य आपले खाते बंद करून निघून गेले होते, आणि मी शेजारी बसून त्या आकड्यांच्या बेरजा करत होतो.

टी.व्ही. मोठा लागतो हे मला कळले कसे नाही, असे तुम्ही विचाराल. अहो, भाईंदरमध्ये सगळ्यांचाच मोठा लागतो. शेजारच्यांचा ऐकू येऊ नये म्हणून आपला मोठा करायचा, ही पद्धत आहे. हिला मात्र शंका होती. "अण्णा मी 'साखर' म्हटलं की 'काकर' कोण, असं विचारतात," असे ही दोनदा म्हणाली होती. मी म्हटले, त्यांचे लक्ष नसते.

कानाच्या तपासणीला अण्णा तयार झाले ते मोठ्या मिनतवारीने. एका काचेच्या पेटीसारख्या खोलीत त्यांना बसवले, कानांवर हेडफोन चढवले आणि बाहेरच्या मुलीने सांगितले, "आजोबा, शिट्टी ऐकू आली की बोट वर करायचं." अण्णांनी सगळ्या शिट्ट्यांना बोट वर केले. एकही चुकली नाही. मुलगी गोंधळली, मी सुखावलो. मग तिला संशय आला. तिने शिट्टी वाजवलीच नाही, आणि अण्णांचे बोट वर आले. बाहेर आल्यावर मी विचारले, "हे काय?" तर निर्विकारपणे म्हणाले, "ती पोरगी झपतालात वाजवत होती. दोन आवर्तनांत कळलं."

दुसऱ्यांदा तपासणी नीट झाली. कागदावर आलेख आला. डाव्या बाजूला, खर्जाकडे, रेघ बऱ्यापैकी सपाट, आणि उजवीकडे, तारेकडे, डोंगरीच्या टेकडीवरून घसरावी तशी खाली. डॉक्टरांनी समजावले. वयानुसार कान जातो तो असा वरून जातो. आधी बारीक, उंच स्वर. बोलण्यातले स, श, फ हे त्याच पट्टीतले, म्हणून शब्द ऐकू येतात पण कळत नाहीत. बासरीची फुंक, तंबोऱ्याची झिलई, घुंगरांची किणकिण आधी जाते. डग्गा, ढोल शेवटपर्यंत सोबत करतात. डॉक्टर बोलत होते आणि मला 'गणपतीच्या मांडवातली आवड' हे स्वतःचे वाक्य अगदी स्वच्छ ऐकू येत होते. माझा आलेख त्या बाबतीत उत्तम आहे.

यंत्र आले. अण्णांनी कानात घातले आणि पहिले वाक्य उच्चारले, "हा पंखा इतका बोलतो?" दुसरे आईकडे पाहून होते, ते मी इथे लिहीत नाही. प्लॅस्टिकच्या पिशव्यांचा आवाज, फोडणीचा आवाज, स्वतःच्या धोतराचा आवाज, सगळ्यांच्या त्यांनी तक्रारी नोंदवल्या. गाणे मात्र बिघडले. "डालड्याच्या डब्यात बसून गातायत," म्हणाले. ही यंत्रे मुळात बोलणे ऐकू यावे म्हणून बांधलेली. गाण्याचे चढउतार त्यांना झेपत नाहीत. पुन्हा त्या मुलीकडे गेलो. तिने संगणकाला जोडून गाण्यासाठी वेगळी मांडणी करून दिली आणि म्हणाली, "आजोबा, सवय व्हायला काही महिने लागतील." अण्णा म्हणाले, "मला झपताल नको, एवढं बघ."

आणि मग ३१ डिसेंबर २०२४. बाहेर वरात निघालेली. खिडक्या बंद, पंखा बंद, चिवडा तयार. आमची मनू, वय तेरा, टेबलाशी येऊन म्हणाली, "बाबा, अल्बम कोण ऐकतं आता? मी माझी लिस्ट केलीय, फोनच करून देतो." मी म्हणालो, फोनला शेरा लिहिता येतो का? ती म्हणाली, "आजोबांना तरी वाचता येतं का स्वतःचं अक्षर?" आणि बसली. गेली दोन वर्षे कोणी नसलेल्या त्या टेबलाशी आता तीन माणसे होती.

अण्णा म्हणाले, "आधी बावीस सालचं काढ."

"अण्णा, बंद झालेल्या वर्षात खाडाखोड चालत नाही."

"खाडाखोड कोण करतोय? दुरुस्तीची नोंद टाकता ना तुम्ही? ती टाक. पण आधी लाव."

'मी वसंतराव' लावला. अण्णांनी यंत्राची ती मांडणी चालू केली, मान किंचित उजवीकडे कलती केली आणि उजवा हात टेबलावर पालथा ठेवला. मी त्यांच्याकडे बघत नव्हतो. चिवड्यातले शेंगदाणे वेचत होतो. मनूने आधी फोन पाहिला, मग तोही उलटा ठेवला. मध्येच यंत्राने शिट्टी मारली; अण्णांनी ते काढले, फुंकले, परत घातले. सगळे ऐकून झाले तेव्हा साडेअकरा वाजले होते.

त्यांनी पेन मागितले. आधीचे पाच तसेच ठेवून खाली तारीख घातली आणि लिहिले: २९. शेरा: "एक गुण मशीनचा कापला."

मी बेरीज केली आणि माझ्या छातीत धस्स झाले. "अण्णा, आधीचे पाच होते. चोवीस वाढले. ते 'चंद्रमुखी'तून वळते करावे लागतील. तिचे तीसचे सहा होतात."

"का म्हणून? ढोलकी मला तेव्हा ऐकू येत होती ना? आली ती आली. ते गुण खरेच आहेत."

"पण मग एकशे चोवीस होतात! गुण शंभरच आहेत."

"मग ओव्हरड्राफ्ट टाक."

ज्याने चोवीस पैशांसाठी शेवटची गाडी चुकवली त्याने चोवीस गुणांच्या ओव्हरड्राफ्टवर सही करायची! मी पेन हातात घेऊन दोन मिनिटे बसून राहिलो. मनू म्हणाली, "बाबा, कर ना." अण्णांनी आपली सही आधीच केली होती, दोन वर्षांपूर्वीच्या रिकाम्या जागेत. मी खाली केली. मनूने तिसरी कुठे करायची असे विचारले. तेवढा रकाना लेजरात नव्हता. पट्टी घेऊन मी आखायला लागलो.

इतक्यात आतून आईची हाक आली, "पाणी आलं!"

"आलं, आलं," म्हणत अण्णा सगळ्यांच्या आधी उठले. दोन वर्षांपूर्वी ही हाक त्यांना ऐकू येत नसे, आणि बादल्या मी एकटा उचलत असे.